फादर, ते पाकीट परत केलंत त्याबद्दल

प्रिय फादर,

८ मे २०२५ ची रात्र. गाळ्यात शेवटची ट्रॉली ओव्हनमधून निघायची होती आणि मी ऑफिसात चलनं लावत बसलो होतो. साडेनऊच्या सुमारास मोबाइलवर रोमचा, नवा पोप निवडल्याचा, पांढरा धूर दिसला, आणि तासाभराने नाव कळलं. आमच्या धर्मग्रामाच्या ग्रुपवर एकच गलका, अमेरिकेचा पोप, अमेरिकेचा पोप! मी मात्र नावावर अडकलो. लिओ चौदावे. म्हणजे आधी तेरावे होऊन गेले. आणि तेरावे लिओ म्हटलं की मला तुमची वेताची खुर्ची, तुमचा तो कुरकुरणारा पंखा आणि माझं परत आलेलं पाकीट आठवतं.

दोन दिवसांनी नव्या पोपनी कार्डिनल मंडळींना सांगितलंच, की नाव घेतलं ते मुख्यतः तेराव्या लिओंमुळे. त्यांनी पहिल्या मोठ्या औद्योगिक क्रांतीत कामगारांचा प्रश्न हातात घेतला होता; आता कृत्रिम बुद्धिमत्तेने तोच प्रश्न नव्याने उभा केलाय. मी बायकोला म्हटलं, "बघ, फादरांचे लिओ!" ती म्हणाली, "मग कळवा की त्यांना." फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. आणि ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण माझ्यासारखे गाळेवाले वसईत पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेच रविवारी माझ्याच बाकावर असतात.

तर २०१६ ची गोष्ट. पावडर कोटिंगचा, म्हणजे धातूच्या भागांवर रंगाची पूड भाजून बसवायचा, माझा गाळा तेव्हा बरा चालायला लागला होता. तेरा माणसं कामाला, रजिस्टरवर नऊ. दहा झाली की ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागतं, हे मला पाठ होतं. झारखंडहून आलेला एक हेल्पर, विशी-बाविशीचा, गरम ट्रॉली ओढताना घसरला आणि कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. तो रजिस्टरवर नव्हता. मी त्याला खासगी दवाखान्यात नेलं, बिल भरलं, दोन महिने खाण्यापुरते पैसे दिले. जखम भरली, मुलगा कामावर आला, आणि माझी छाती अभिमानाने फुगली. एवढं कोण करतं? देवाने निभावून नेलं म्हणून मी सणाच्या रोषणाईसाठी एकवीस हजारांचं पाकीट घेऊन तुमच्याकडे आलो.

तुम्ही पाकीट घेतलं, टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "त्या पोराचं नाव वहीत आहे का?"

मला वाटलं तुम्ही मिस्सेत प्रार्थनेसाठी नाव मागताय. मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "माझ्या नाही, तुझ्या वहीत."

मग दोन महिन्यांच्या पैशांचं विचारलंत. मी म्हटलं, उचल म्हणून दिले. परत घेतोस का? हो, महिन्याला हजार कापतो. हे बोलताना मला काही वावगं वाटत नव्हतं, हे आज लिहायला जड जातंय. तुम्ही रागावला नाहीत. रागावला असतात तर मी भांडून निघून गेलो असतो आणि पाकीट दुसऱ्या कुठल्या तरी चर्चच्या पेटीत टाकलं असतं. तुम्ही फक्त हिशोब मागितलात. ईएसआयमध्ये असता तर त्याला काय मिळालं असतं? मी सांगितलं: उपचार फुकट, आणि कामावर इजा झाली म्हणून घरी बसलेल्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्के. आणि तुला महिन्याला किती पडलं असतं? पगाराच्या पावणेपाच टक्के. तेव्हा तो दर होता. २०१९ पासून सव्वातीन झालाय.

"म्हणजे त्याच्या हक्काचं होतं ते तू ठेवून घेतलंस," तुम्ही म्हणालात, "त्यातलं थोडं त्याला उसनं दिलंस, आणि थोडं आता देवाला द्यायला आलायस."

पाकीट माझ्या हातात परत आलं.

माझ्या मनात अन्याय म्हणजे बाहेरची गोष्ट होती, फादर. आम्ही हरित वसईच्या आंदोलनाच्या काळात वाढलेली पोरं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या मागे बापाचा हात धरून चाललेलो. अन्याय करणारे म्हणजे बिल्डर, विहिरी उपसणारे टँकरवाले, गुंड. त्या यादीत पावडर कोटिंगवाला कुठेच नव्हता. तो मोर्चाला वर्गणी देणाऱ्यांत होता.

पुढचे सहा-सात गुरुवार मी तुमच्याकडे येत राहिलो, ते खरं तर वाद घालायला. तुम्ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं एक वाक्य काढून ठेवलं होतं. १९६५ चा, सामान्य विश्वासूंच्या कार्यावरचा दस्तऐवज. त्याचा मथितार्थ असा, की न्यायाने जे आधीच देणं लागतं ते दान म्हणून देऊ नये. तुम्ही ते मराठीत दोन शब्दांत बसवलंत: आधी देणं, मग दान. महान ग्रेगरी पोपनी हेच सहाव्या शतकात लिहून ठेवलंय, असंही म्हणालात. गरिबाला गरजेचं देतो तेव्हा आपण त्याचंच त्याला परत करतो. मी म्हटलं, सहाव्या शतकात लेबर इन्स्पेक्टर नव्हता. तुम्ही म्हणालात, "म्हणून तर पोपला लिहावं लागलं."

मग तेरावे लिओ आले. १५ मे १८९१ चं परिपत्रक, 'रेरुम नोव्हारुम', म्हणजे नव्या गोष्टींविषयी. परिपत्रक म्हटलं की मला सरकारी खात्याचंच आठवतं, आणि हेही तसंच कोरडं असणार असं वाटलं होतं. तुम्ही इंग्रजी पुस्तिका हातात धरून मला मराठीत सांगत होतात. मी माझा हुकमी मुद्दा टाकला: मी कुणाला जबरदस्तीने आणलेलं नाही. पगार सांगतो, त्याला परवडतं, तो हो म्हणतो, विषय संपला. तुम्ही चष्मा सरकवून बरोबर तीच जागा दाखवलीत. दोघांच्या राजीखुशीने ठरलेली मजुरी न्याय्य असतेच असं नाही. कोणत्याही करारापेक्षा जुना असा एक निसर्गाचा न्याय आहे: काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचं पोट त्या मजुरीत भरलं पाहिजे. गरजेपोटी किंवा आणखी वाईट होईल या भीतीने कुणी कमीवर हो म्हणत असेल, तर ती त्याच्यावर झालेली बळजबरीच. सव्वाशे वर्षांपूर्वी रोममध्ये बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला माझा मुद्दा आधीच माहीत होता, याचा मला भयंकर राग आला.

मी म्हटलं, हे तर लाल बावट्याचं झालं, उद्या गाळा कामगारांच्या नावावर करा म्हणाल. तुम्ही हसलात आणि त्याच पुस्तिकेची पहिली पानं उघडलीत. लिओंनी समाजवाद साफ नाकारलाय आणि खासगी मालमत्तेचा हक्क जोरात मांडलाय. गाळा तुझाच, तुम्ही म्हणालात, पण दुसऱ्या जॉन पॉलांचं एक म्हणणं ध्यानात ठेव, की प्रत्येक मालमत्तेवर समाजाचं गहाण असतं. गहाण हा शब्द मला लगेच कळला. माझा गाळा तेव्हा बँकेकडे गहाणच होता. हप्ता बँकेचा भरतो तसा दुसरीकडचाही भरायचा असतो, एवढंच तर तुम्ही म्हणत होतात.

तुम्ही मला नियम शिकवून सोडलं नाहीत, यासाठी मला खास आभार मानायचेत. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, फादर, हे सगळं ठीक, पण धर्माचं काय? हे तर कामगार कायद्याचं झालं. तुम्ही मला उभं करून, रविवारी आपण सगळे म्हणतो ते 'मी विश्वास ठेवतो' म्हणायला लावलंत. पहिल्याच ओळीला थांबवलंत. स्वर्ग आणि पृथ्वी निर्माण करणारा. म्हणजे आधी मालक कोण? पुढे थांबवलंत ते देव माणूस झाला तिथे. देहात आला म्हणजे कुठल्या देहात? सुताराच्या. त्याच्या हाताला घट्टे होते. भाजलेल्या हाताकडे बघताना तुला हे आठवत नसेल, तर तू नुसतं पाठ केलंयस, म्हणालात. देहाच्या पुनरुत्थानापाशी पोचलो तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलंत. ते मी अजून विसरलेलो नाही.

आणि मिस्सेतलं अर्पण. वीस-पंचवीस वर्षं ऐकतोय, भाकर म्हणजे भूमीचं फळ आणि माणसाच्या कष्टाचं काम. कष्ट कुणाचे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती आरोळी देवाच्या कानी जाते. चर्चच्या धर्मशिक्षणात स्वर्गाकडे आक्रोश करणारी पापं सांगितलीत. त्यात भावाने मारलेल्या हाबेलाच्या रक्तासोबत मजुरी करणाऱ्यावर केलेला अन्यायही आहे. लहानपणी आम्हाला मांस कधी खायचं नाही आणि सिनेमा कुठला बघायचा नाही हे नीट शिकवलं होतं. हे मात्र चाळिशीत कळलं.

हे सगळं गंभीर होतं असं वाचणाऱ्यांना वाटायला नको. तुम्ही गाळा बघायला आलात तेव्हा धुलाईच्या सात टाक्या मोजल्यात, तेल काढायची, गंज काढायची, फॉस्फेटची, मधेमधे पाण्याच्या, आणि म्हणालात, "तुझ्याकडेही चर्चसारखे सात संस्कार आहेत की! पहिला स्नानसंस्कारच." माझे कामगार आजही पहिल्या टाकीला बाप्तिस्मा म्हणतात. त्यातला एकही ख्रिस्ती नाही.

तुम्ही १९६४ च्या डिसेंबरचं सांगितलंत तो गुरुवारही लक्षात आहे. तुम्ही विशीतले, सेमिनरीतले, आणि पोप सहावे पॉल मुंबईत युकॅरिस्टिक काँग्रेसला, म्हणजे कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्याला, आलेले. ओव्हल मैदानावर एवढी गर्दी, की तुम्हाला पोप दिसले ते अंगठ्याएवढे. जाताना त्यांनी आपली गाडी मदर तेरेसांना देऊन टाकली आणि मदरनी तिची सोडत काढून पैसे उभे केले, हे सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही मात्र दुसरीच गोष्ट सांगितलीत. शस्त्रांवर होणाऱ्या खर्चातला काही भाग काढून जगातल्या सगळ्यात गरिबांसाठी एक निधी उभारा, असं आवाहन त्यांनी मुंबईतूनच जगाला केलं. १९६७ साली राष्ट्रांच्या विकासावर परिपत्रक लिहिलं तेव्हा त्यात त्यांनी मुंबईचं नाव घालून ते पुन्हा मांडलं. तो निधी काही झाला नाही. पण चर्चच्या सामाजिक शिकवणीत आपल्या मुंबईची नोंद आहे, हे तुम्ही असं सांगितलंत की जणू तुमच्याच घरातलं कुणी परीक्षेत पहिलं आलंय.

एका बाबतीत मी तुमच्याशी अजून सहमत नाही, तेही लिहितो. येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यातला मालक तासभर काम करणाऱ्यालाही पूर्ण रोजी देतो. ते तुम्ही मला लागू करू पाहत होतात. त्या मालकाला पार्टीचं पेमेंट नव्वद दिवसांनी येत नव्हतं, आणि शेजारचा मळेवाला फुटाला रुपया कमी लावत नव्हता. मी हे म्हणालो तेव्हा तुम्ही गप्प झालात आणि म्हणालात, "हे मला कळत नाही, ते तू बघ." धर्मगुरूच्या तोंडून 'मला कळत नाही' मी पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर तुमच्या बाकीच्या गोष्टी ऐकणं मला सोपं गेलं.

आणि आपल्या घरचंही तुम्ही लपवलं नाहीत. १९७१ च्या बिशपांच्या सभेने लिहिलंय, जगाला न्याय सांगू पाहणारा आधी लोकांच्या नजरेत न्यायी असला पाहिजे, आणि चर्चनेही आपला कारभार, आपल्या नोकरांचे पगार तपासावेत. भारतातल्या बिशपांनी तर २०१६ सालीच दलितांबद्दलच्या धोरणात आपल्या चर्चमध्ये भेदभाव आहे हे मान्य केलं. आमच्याकडे लग्न जुळवताना काय काय विचारतात ते तुम्हाला माहीत आहे. त्यावर तुम्ही प्रवचन दिलंत तेव्हा बाकावर किती खोकला झाला, तेही.

हिशोब देतो. तेराच्या तेरा माणसं रजिस्टरवर आली. आज सतरा आहेत, सतराही. ओव्हरटाइम दुप्पट दराने, कायद्यात आहे तसा. आधी सरळ दराने द्यायचो आणि वर चहा पाजायचो. झारखंडच्या त्या मुलाची कापलेली उचल परत केली. त्याने पैसे दोनदा मोजले आणि विचारलं, "सेठ, काम बंद करताय का?" पहिल्या वर्षी मला भाव वाढवावा लागला आणि एक मोठी पार्टी गेली, ती परत आली नाही. बायकोने दोन वर्षं स्वयंपाकघराचं काम पुढे ढकललं, आणि ते तिने सुखाने ढकललं असं मी म्हणणार नाही. तो मुलगा पुढे ओव्हन ऑपरेटर झाला, मग गावी परत गेला. नाताळला त्याचा फोन येतो. आपला सण त्याच्या लक्षात राहतो. त्याचा सरहुल मला अजून दोनदाच आठवलाय.

त्या वर्षी सणाला रोषणाई कमी झाली होती, फादर. लोकांनी तुम्हाला बोल लावले, कमिटीवाले कुजबुजले, आणि तुम्ही कुणालाही कारण सांगितलं नाहीत. मी त्याच कमिटीत बसून गप्प राहिलो. त्याबद्दल आभार मानू की माफी मागू, ते मला ठरवता येत नाही.

पुढच्या रविवारी दुपारच्या मिस्सेनंतर तुमच्याकडे येतोय. सुकेळी आणतो. साखर वाढलीय म्हणून सिस्टर ओरडतील, तर दोनच घ्या आणि बाकीची शेजारच्या खोलीतल्या फादरांना द्या. कानाचं मशीन मात्र लावून बसा. नव्या लिओंवर मला एक वाद घालायचाय.

तुमचा,
सात टाक्यांवाला
वसई