मंत्री महोदय, सल्ल्याच्या खुर्चीत दवाखान्याचा मालक कसा बसला?

प्रति,
मा. मंत्री महोदय,
मंत्रालय, मुंबई.

विषय : वैद्यकीय सल्ला केंद्राच्या कार्यकारी संचालकपदाबाबत आपण दिलेला शब्द.

महोदय,
सा. न. वि. वि.

मी चोपडा तालुक्यातली एक शेतकरी बाई आहे. घरी थोडा कापूस, थोडी केळी. गेल्या वर्षी आपण आमच्याकडच्या महिला मेळाव्याला आला होतात, तेव्हा आम्ही सगळ्या जणींनी मिळून आपल्याला एक निवेदन दिलं होतं. ते हातात धरून आपण माइकवरून सांगितलंत, की सल्ला केंद्राच्या संचालक मॅडम निवृत्त झाल्या तरी केंद्र असंच चालेल. नव्या संचालकाची जाहिरात निघेल, मुलाखती होतील आणि ज्याचा स्वतःचा दवाखाना आहे असा माणूस त्या जागी येणार नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात माझ्याही टाळ्या होत्या.

यंदा होळीच्या आधी त्या खुर्चीत एका नर्सिंग होमचे मालक येऊन बसले. जाहिरात कुणी पाहिली नाही, मुलाखत कुणाची झाली नाही. अनुदानाच्या फाईलवर एक अट चढली, की संचालक शासन सुचवेल तोच असेल. विश्वस्तांसमोर दोनच वाटा ठेवल्या, सही करा नाहीतर अनुदान विसरा. त्यांनी सही केली.

हे केंद्र काय आहे, हे आपल्या कार्यालयातल्या लोकांनी आपल्याला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. तिथे उपचार होत नाहीत, औषध विकत नाहीत, ऑपरेशन करत नाहीत. एक धर्मादाय संस्था, दोन खोल्या, एक फोन. ज्याला डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आहे त्याने आपली फाईल, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट घेऊन यायचं. ती फाईल निवृत्त सरकारी डॉक्टर वाचतात आणि ऑपरेशन लागेल की नाही, लागत असेल तर आत्ता की थांबून, हे साध्या मराठीत एका कागदावर लिहून देतात. त्या डॉक्टरांना यातून एक रुपया मिळत नाही, म्हणूनच त्यांच्या शब्दावर आमचा भरवसा होता.

तो भरवसा आपोआप आला नव्हता, मॅडमनी तो घडवला होता. फाईल डॉक्टरांकडे जाण्याआधी त्या स्वतः बसून दवाखान्याच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवायच्या. कुणी ऑपरेशन सांगितलं हे वाचणाऱ्याला कळता कामा नये, म्हणजे ओळखपाळख मध्ये येत नाही. औषध कंपनीच्या विक्री प्रतिनिधीला, म्हणजे एमआरला, दारातून आत पाऊल टाकायला बंदी होती. दर वर्षी एप्रिलमध्ये त्या आपल्या कमाईचा कागद भिंतीवर लावायच्या, पेन्शन किती, व्याज किती, कुठल्या दवाखान्याशी संबंध नाही. बाकीच्या डॉक्टरांकडूनही तसंच लिहून घ्यायच्या. दवाखान्यांतून फोन यायचे, कधी गोड बोलून, कधी दम देऊन. मी एकदा बाकावर बसलेले असताना असा फोन आला. मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुमचं म्हणणं लेखी पाठवा, पेशंटला वाचून दाखवते." पुन्हा फोन आला नाही. संचालकाचं काम हेच असतं, महोदय. टेबलामागे बसून सह्या करणं म्हणजे संचालन नव्हे. जो माणूस दिवसभर स्वतःच्या दवाखान्यात ऑपरेशन सांगतो, तो संध्याकाळी इथे येऊन दुसऱ्याला "ऑपरेशन नको" कसं सांगेल? सांगितलं तरी त्याच्यावर विश्वास कोण ठेवेल?

माझं स्वतःचं सांगते. मला पाळीत फार जात होतं. हिमोग्लोबिन सातवर आलं होतं, दळणाचा डबा उचलला तरी डोळ्यापुढे अंधारी यायची. जिल्ह्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात दाखवलं. सोनोग्राफीत तीन सेंटिमीटरची गाठ निघाली आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी गर्भपिशवी काढायची तारीख दिली. मी फाईल घेऊन केंद्रात गेले. तिथून लिहून आलं, की एवढ्या गाठीसाठी पिशवी काढायची गरज नाही, रक्तस्राव थांबवायच्या गोळ्या घ्या, लोह भरून काढा, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करा. आज मी शेतात उभी राहते. पिशवी माझ्या पोटात आहे आणि मला कसलाही त्रास नाही.

आता माझ्या धाकट्या जावेचं ऐका. वय एकतीस. मजुरीला जाते, दोन लेकरं. तिला अंगावरून पांढरं जायचं आणि कंबर दुखायची. आमच्याकडे निम्म्या बायकांना हे दुखणं आहे, पाच-सात दिवसांच्या गोळ्यांनी ते बरंही होतं. तिला सांगितलं गेलं, "पिशवी काढनी पडी, नहीते कॅन्सर व्हई." घरी येऊन रडत तिने मला हे असंच सांगितलं. मी म्हटलं, चल केंद्रात. गेलो तर दारावर नवीन नोटीस : सल्ल्यासाठी येताना संबंधित रुग्णालयाचं पत्र सोबत आणावं. म्हणजे ज्या डॉक्टरबद्दल शंका आहे त्याच्याकडे जायचं आणि म्हणायचं, साहेब, मला तुमच्यावर शंका आहे, तसं पत्र द्या! माझी जाऊ चौथी शिकलेली आहे. ती कुठून आणणार पत्र? आत बसलेल्या पोराने फाईल उघडूनसुद्धा पाहिली नाही. जुन्या डॉक्टरांबद्दल विचारलं तर म्हणाला, ते आता येत नाहीत.

कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर घरात कुणाला झोप लागते? दिराने म्हैस विकली, वरचे पैसे व्याजाने काढले आणि ऑपरेशन करून टाकलं. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत होतं. माझ्या मुलाने वाचलं तेव्हा कळलं, की पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली आहेत. तिला विचारलं नव्हतं, तिच्या नवऱ्यालाही नाही. ज्या कॅन्सरची भीती घातली त्यासाठी काढलेली पिशवी तपासायला पाठवली का? तर तसा रिपोर्ट नाही, पावतीही नाही.

आपल्याला खानदेशातला मे महिना माहीत आहे. भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसवर जातो, पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही. त्यात या पोरीच्या अंगातून गरम वाफा निघतात. रात्री उठून ती मोरीत जाऊन अंगावर पाणी ओतते आणि तशीच ओल्या साडीने ओट्यावर बसते. एकतिसाव्या वर्षी तिला पाळी गेलेल्या बाईचं शरीर मिळालं आहे. अंडाशयं एवढ्या लवकर काढली की हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. हे मला मॅडमनीच समजावून सांगितलं होतं. तिला केळीचे घड उचलता येत नाहीत, म्हणून रोज कमी मिळतो. दीर आता तिच्याशी धड बोलत नाही, म्हशीचा विषय निघाला की ताटावरून उठतो. आणि मी तिच्यासमोर बसले की मला तोंड वर करवत नाही, कारण माझी पिशवी ज्या कागदाने वाचवली तो कागद तिला मिळू दिला गेला नाही. तो कागद आपल्या एका सहीने अडला, महोदय. याला मी दुसरं काही म्हणू शकत नाही.

आपण म्हणाल, एका बाईवरून एवढं काय. २०१९ साली राज्य सरकारच्याच समितीने बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ बायकांमध्ये १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा बायकांमागे एक! तो आकडा बाहेर आला कारण कुणीतरी मोजायला गेलं. चाळीसगावकडून, नंदुरबारच्या डोंगरातून बायका कोयता घेऊन गुजरातेत नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात जातात, त्यांना कुणी मोजलं? आमच्या गल्लीत फिरा, चाळिशीच्या आतल्या किती जणींच्या पोटावर टाके आहेत ते पाहा. इथला आकडा बीडपेक्षा लहान निघणार नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगते.

कायदे नाहीत असंही नाही. डॉक्टरांच्या २००२ च्या नियमावलीत पेशंट पाठवण्याचं कमिशन घ्यायला मनाई आहे. २०१७ साली याच राज्यात अशा कमिशनविरुद्ध, म्हणजे कट प्रॅक्टिसविरुद्ध, कायद्याचा मसुदा तयार झाला. कुठे आहे तो कायदा? केंद्र सरकारने २०२२ मध्ये विनाकारण पिशव्या काढणं थांबवायला मार्गदर्शक सूचना काढल्या, जिल्ह्याजिल्ह्यात देखरेख समिती सांगितली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितल्या. आमच्या जिल्ह्यातल्या समितीत कोण आहे, ती किती वेळा बसली, एकाही दवाखान्याला तिने जाब विचारला का? दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे, असं मानवी हक्क आयोगाच्या सनदेत लिहिलं आहे. मग त्या हक्काला दवाखान्याच्या पत्राची अट कोणत्या कायद्याने लागली?

फुकट उपचाराच्या योजनेची मर्यादा आपण दीड लाखावरून पाच लाखांवर नेलीत, त्याची पोस्टरं आमच्या एसटी स्टँडवर लागली आहेत. चांगलं केलंत. पण त्या सगळ्या व्यवस्थेत ऑपरेशन केल्याचे पैसे आहेत, ऑपरेशन टाळल्याचे कुणालाच नाहीत. "नको" म्हणणारं एकच दार आमच्याकडे होतं आणि ते आपण "करा" म्हणणाऱ्यांच्या ताब्यात दिलंत. साखर कारखाना, बाजार समिती, शाळेची संस्था, प्रत्येक ठिकाणी खुर्ची आधी ठरते आणि माणूस मागून कळतो, हे आम्ही जन्मभर बघत आलो. निदान आजारी माणसाच्या फाईलजवळ तरी हे पोचायला नको होतं. तिथे चूक झाली तर ती पाच वर्षांनी मत देऊन दुरुस्त होत नाही. माझ्या जावेचं काय दुरुस्त होणार आहे?

अनुदानावरची ती अट काढा. संचालकपदाची जाहिरात वर्तमानपत्रात द्या आणि निवड समितीवर दवाखाना चालवणारा एकही माणूस नको. मुलाखती उघड्या घ्या, आम्ही बायका मागच्या बाकावर बसू. पत्राची नोटीस आजच्या आज उतरवा. जुन्या डॉक्टरांना परत बोलवा, ते आपल्या शब्दाने नाही आले तर आम्ही त्यांच्या घरी जाऊ. आणि जावेची फाईल जिल्ह्याच्या देखरेख समितीपुढे ठेवा, ती द्यायला मी तयार आहे. हे करायला पैसा लागत नाही. अनुदान बंद करायचं असेल तर तेही करा, पण तसं स्पष्ट लिहून कळवा. मग आम्ही गावोगाव वर्गणी काढू आणि केंद्र भाड्याच्या खोलीत चालवू.

उत्तर लेखी पाठवा, मराठीत पाठवा. येत्या ग्रामसभेत मी ते वाचून दाखवणार आहे, आणि आलं नाही तर हे पत्र वाचणार आहे.

आपली,
चोपडा तालुक्यातली एक शेतकरी बाई