गडवाटांची डागडुजी वेळेत व्हावी

महोदय,

जुलै २०२५ मध्ये राजगड, लोहगड, साल्हेर यांसह १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तेथे नेणाऱ्या पायवाटांचा विचार मात्र फारसा होत नाही. पावसाचे पाणी वाटेवरूनच वाहू लागले की माती धुपते, घसरण टाळण्यासाठी लोक कडेच्या गवतातून चालतात आणि एका वाटेच्या चार वाटा होऊन सारा उतार उघडा पडतो. ठरावीक अंतरावर तिरके दगड पक्के रोवून पाणी बाजूला काढणे आणि आडवाटा बंद करणे, हा यावरचा उपाय कष्टाचा आहे. सुट्टीच्या दिवशी पहारी-घमेली घेऊन असे श्रमदान करणाऱ्या गिर्यारोहण संस्थांविषयी मला मनापासून आदर वाटतो. सिमेंटच्या पायऱ्यांपेक्षा अशीच वाट सह्याद्रीला शोभते. मात्र वनक्षेत्रात वा संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीविना काम करणे योग्य नसल्याने, वन आणि पुरातत्त्व विभागांनी उन्हाळ्यातच एकत्रित परवानगी व तज्ज्ञांचे मार्गदर्शन द्यावे, तसेच डोंगरातला प्रत्येक ओहोळ ठाऊक असलेल्या पायथ्याच्या ग्रामस्थांना वाटेच्या आखणीपासूनच सोबत घ्यावे, ही विनंती.

— एक दुर्गप्रेमी वाचक, पुणे