मॉर्फिनला रजिस्टर चालतं, मग गांजाच्या औषधाला का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी संगमनेरला ३१ वर्षं मेडिकल चालवलं, आता दुकान मुलगा बघतो आणि मी संध्याकाळी दोन तास नुसता काउंटरला बसतो. पत्र लांबलंय, काटछाट करायची असेल तर करा पण मधला कायद्याचा भाग तेवढा कापू नका.

दिवाळीच्या आधी एक बाई आल्या, शिक्षिका आहेत, मुलगा नऊ वर्षांचा, त्याला लहानपणापासून फिट येतात, औषधं आमच्याकडूनच जातात. त्यांनी पर्समधून एक ड्रॉपरची बाटली काढून काउंटरवर ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, काका याचे किती थेंब द्यायचे हो. मोबाईलवर जाहिरात बघून मागवलेली. लेबलवर विजया पत्र, म्हणजे भांगेची पानं, असं लिहिलेलं, आयुर्वेदिक औषधाचा लायसन नंबर होता, बाकी एका थेंबात टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) किती, सीबीडी (नशा न आणणारा घटक) किती, काही नाही. फोनवर कुणीतरी दोन मिनिटं बोललं आणि चिठ्ठी झाली, एवढीच काय ती तपासणी. मी ३१ वर्षं औषधं विकली पण मला सांगता आलं नाही. त्या पोराला व्हॅलप्रोएट आणि क्लोबाझाम ही फिटची दोन्ही औषधं चालू आहेत. सीबीडी व्हॅलप्रोएटबरोबर दिलं तर लिव्हरच्या तपासण्या करत राहाव्या लागतात आणि क्लोबाझामबरोबर दिलं तर पोरगं दिवसभर गुंगीत राहू शकतं, हे मला माहीत, त्या फोनवरच्या माणसाने विचारलंही नव्हतं. मी म्हटलं ताई डॉक्टरांना विचारा. त्या म्हणाल्या विचारलं, डॉक्टर म्हणाले मला यातलं काही सांगू नका, मी ऐकलं नाही असं समजा.

आता त्या डॉक्टरांनाही दोष देत नाही मी. गांजाचं नाव काढलं की पोलीस डोळ्यांसमोर येतो, कुणाला नको ते झंझट.

पण हे औषध थोतांड आहे का तर अजिबात नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिकडच्या औषध प्रशासनाने, जून २०१८ मध्ये एपिडायोलेक्स नावाचं शुद्ध सीबीडीचं औषध मंजूर केलं, लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्रॅव्हे या दोन प्रकारच्या अवघड फिट्ससाठी, तेही लहान मुलांना. केमोच्या उलट्यांसाठी टीएचसीच्या गोळ्या तर तिकडे १९८५ पासून आहेत. आणि गंमत म्हणजे ही विद्या गेली आपल्याकडूनच, ओशॉनेसी नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर कलकत्त्यात होता, त्याने १८३९ मध्ये गांजाच्या अर्काचे प्रयोग छापले, धनुर्वातावर वापरला आणि एका तान्ह्या बाळाच्या झटक्यांवर पण. म्हणजे झटक्यांवर गांजा हे कलकत्त्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय आणि संगमनेरची आई आज ते जाहिरातीवरून मागवतेय.

सगळ्यांना वाटतं की हे सगळं दिल्लीने बंद केलंय, केंद्राने कायदा बदलल्याशिवाय महाराष्ट्र काय करणार. मलाही असंच वाटायचं, एवढी वर्षं नार्कोटिकचं रजिस्टर ठेवून. त्या बाईंच्या बाटलीनंतर मुलाला सांगून १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा, प्रिंट काढून आणला आणि चष्मा लावून बसलो. कलम ८ मध्ये बंदी आहे, बरोबर, पण त्याच वाक्यात वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणाचा अपवाद आहे. कलम १० वाचा, गांजाची लागवड, बाळगणं, वाहतूक, खरेदी-विक्री, वापर याला परवानगी द्यायची आणि त्याचे नियम करायचे हा अधिकार राज्य सरकारचा आहे, फक्त चरस त्यातून वगळलाय. आणि व्याख्यांमध्ये मेडिसिनल कॅनाबिस हा शब्द सरळ दिलेला आहे, गांजाचा कुठलाही अर्क किंवा टिंक्चर असा त्याचा अर्थ सांगितलाय, मॉर्फिनसारखीच ती मॅन्युफॅक्चर्ड ड्रग धरलीय. अर्क काढायचा कारखाना टाकायचा तर केंद्राचं लायसन लागेल, पण तयार माल दवाखान्यात कसा ठेवायचा, कुणी विकायचा, कुणाच्या चिठ्ठीवर विकायचा हे परत राज्याकडेच येतं. म्हणजे दाराला कुलूप आहे पण किल्ली मुंबईत मंत्रालयात आहे आणि आपण चाळीस वर्षं दिल्लीच्या नावाने बोटं मोडतोय.

पानांची गोष्ट अजून वेगळी. एनडीपीएसमध्ये नुसतं पान आणि बी म्हणजे गांजा नाही, शेंडा असला तरच गांजा. म्हणून उत्तरेत भांगेचे सरकारी ठेके चालतात. आपल्याकडे मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, त्यात भांगही येते, बिनपरवान्याची चालत नाही. आणि त्याच वेळी आयुर्वेदिक लायसनवर विजयाच्या पानांचं तेल कुरिअरने घरपोच येतं. वैद्य लोक जातिफलादि चूर्ण वर्षानुवर्षं देतात, त्यात भांग असते, त्याला कुणी हरकत घेतल्याचं मी तरी बघितलं नाही. तर मग नेमकं काय चालतं आणि काय नाही, हे मला दुकानदार म्हणून कळलेलं नाही तर गिऱ्हाइकाला काय कळणार.

मला यात मॉर्फिनची आठवण येते म्हणून हे जास्त टोचतं. अकोले तालुक्यातला एक शेतकरी, बायकोला कॅन्सर, मुंबईहून घरी पाठवलेलं, बरोबर मॉर्फिनच्या गोळ्या दिलेल्या पंधरा दिवसांच्या. त्या संपल्यावर हा माणूस रिकामी स्ट्रिप खिशात घालून एसटीने गावोगावच्या मेडिकलला फिरला, माझ्याकडेही आला. माझ्याकडे नव्हत्या, कुणाकडेच नव्हत्या, कारण त्या काळी मॉर्फिन ठेवायचं तर चार-पाच वेगवेगळे परवाने, ते सगळे एकाच वेळी चालू पाहिजेत, एक संपला की बाकीचे असून नसल्यासारखे. कोण नादी लागणार. मी त्याला साध्या पेनकिलर दिल्या, त्याचे पैसे घेतले नाहीत, पण त्याने काय होतंय. मॉर्फिन ज्यापासून बनतं ती अफू तर आपल्याच देशात सरकारी लायसनवर पिकत होती आणि आपलेच पेशंट कण्हत होते. केरळात असाध्य रुग्णांच्या वेदनांवर काम करणारे डॉ. राजगोपाल यांच्यासारख्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे २०१४ मध्ये कायदा सुधारला, मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन वगैरे सहा औषधं अत्यावश्यक नार्कोटिक म्हणून बाजूला काढली आणि मान्यताप्राप्त दवाखान्यांना एकाच परवान्यावर ठेवता यायला लागली. देशभर लोक मॉर्फिनचे व्यसनी झाले का? नाही झाले. ज्यांना लागतं त्यांना अजूनही पुरेसं मिळत नाही हीच खरी तक्रार आहे.

लोक म्हणतील गैरवापर होईल. होईल, थोडाफार होणारच, मी काही भाबडा नाही. मालेगावकडे अल्प्राझोलामला, म्हणजे मन शांत करायच्या गोळीला, कुत्ता गोळी म्हणतात, पोरं नशेला खातात, म्हणून सरकारने अल्प्राझोलाम बंद केली का, नाही, २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये टाकली, वेगळं रजिस्टर, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिली, तीन वर्षं जपून ठेवायचं, ड्रग इन्स्पेक्टर कधीही येऊन बघणार. शेड्यूल एक्सला त्याहून कडक, चिठ्ठी दोन प्रतींत, एक आमच्याकडे राहते, माल कुलपात. हे सगळं आम्ही करतो, कटकट वाटते पण करतो. गांजाच्या औषधाला हीच पद्धत लावा, हवी तर आणखी कडक करा, काय बिघडलं.

आणि हो, औषध म्हणजे सिगारेट नव्हे. मी ओढायला परवानगी मागत नाहीये आणि माझ्या मते पोरांनी त्याच्या वाटेलाही जाऊ नये, कोवळ्या वयात टीएचसीने डोकं बिघडल्याची उदाहरणं आहेत, घरात मानसिक आजार असेल तर जास्तच धोका. उलट तेवढ्यासाठीच म्हणतो की मोजून द्या. सगळ्या दुखण्यावर चालतं म्हणून जाहिराती करतात ना, झोप, मधुमेह, कंबरदुखी, केस गळणं, त्यांचा मला राग येतो. फिट्सचे ठरावीक प्रकार, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या आजारात स्नायू आखडतात ते, केमोच्या उलट्या, थोडंफार जुनाट दुखणं, एवढ्यावरच बऱ्यापैकी पुरावा आहे, तेवढ्यालाच द्या.

बाकी राज्यं काय करतात बघा. उत्तराखंडने २०१८ मध्ये भांगेच्या लागवडीला लायसन द्यायला सुरुवात केली, पण ती धाग्यासाठी, टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत पाहिजे, आणि तिथल्या डोंगरी वाणात ते जास्त निघतं म्हणून शेतकरी अडकले. हिमाचलने जरा शहाणपणा केला, २०२३ मध्ये महसूलमंत्री जगतसिंह नेगींच्या अध्यक्षतेखाली आमदारांची समिती केली, २०२४ च्या सप्टेंबरात विधानसभेने अहवाल मान्य केला, आणि मग अभ्यासाचं काम पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांकडे दिलं. जम्मूत तर केंद्र सरकारचीच सीएसआयआरची संस्था औषधासाठी गांजा लावून संशोधन करतेय. गोव्यात २०२० च्या डिसेंबरात लागवडीचा प्रस्ताव कायदा खात्यापर्यंत गेला होता, विरोधकांनी गदारोळ केला आणि विषय गुंडाळला गेला. आणि त्याच महिन्यात, २ डिसेंबर २०२०, व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वात घातक यादीतून काढायचं मतदान झालं, २७ विरुद्ध २५ असं निसटतं, आणि भारताने काढायच्या बाजूने मत दिलं. बाहेर आपण हो म्हणतो, घरात आल्यावर गप्प.

महाराष्ट्रात काय झालं तर २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने कलेक्टरला अर्ज केला की कुठल्याच पिकाला भाव नाही, मला दोन एकरात गांजा लावायची परवानगी द्या. पेपरला आलं, लोक हसले, अर्ज गेला पोलिसांकडे. मी पण हसलो होतो तेव्हा. त्याचं म्हणणं मात्र मी आजही मान्य करणार नाही, शेतकऱ्याला कांद्याचा भाव मिळत नाही याच्यावर गांजा हा इलाज नाही आणि औषधाच्या नावाखाली दोन-दोन एकर कुणाच्याही शेतात असलं पीक घालणं म्हणजे शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला जे चोरून चालतं आणि दर वर्षी पोलीस उपटतात त्यालाच सरकारी शिक्का मारल्यासारखं होईल.

लावायचा तर राहुरीला लावा. महात्मा फुले कृषी विद्यापीठ आमच्या जिल्ह्यातच आहे, कुंपण आहे, शास्त्रज्ञ आहेत. १८९३ मध्ये इंग्रजांनी गांजाची चौकशी करायला कमिशन नेमलं होतं, ११९३ साक्षीदार तपासले, सात खंडांचा अहवाल दिला, बेताने वापरला तर फारसं नुकसान नाही, सरसकट बंदीची गरज नाही असं त्यांनी लिहिलं. त्या काळी मुंबई इलाख्यात गांजा पिकायचा त्यात आमचा नगर जिल्हा होता, म्हणजे आजचा अहिल्यानगर. जमिनीला नवीन नाही हे. राहुरीने वाण आणि टीएचसी-सीबीडीचं प्रमाण पक्कं करावं, अर्क लायसनवाल्या कारखान्यात केंद्राच्या परवानगीने निघावा, आणि सुरुवात फक्त सरकारी मेडिकल कॉलेजांतून करावी, न्यूरो आणि कॅन्सर विभागातून, आपल्या राज्याच्या एफडीएने प्रत्येक बॅच तपासून. खाजगी मेडिकलला दोन-तीन वर्षं देऊच नका वाटलं तर, माझी काही हरकत नाही, दुकानदार असून सांगतो. आणि ज्या आईने आधीच मागवलंय तिला डॉक्टरसमोर खरं बोलता यावं एवढं तरी परिपत्रक काढा, त्याला तर विद्यापीठ पण नको आणि कारखाना पण नको, एक पान पुरे.

त्या बाई परवा परत आल्या होत्या, नेहमीची औषधं न्यायला. तेल चालू आहे, फिट कमी झाल्यासारख्या वाटतात म्हणाल्या, पण पोरगं शाळेत बाकावर झोपतं. लिव्हरची तपासणी करून घ्या म्हटलं तर म्हणाल्या लॅबवाले विचारतील ना कशासाठी. मी एका ओळखीच्या लॅबला फोन करून दिला.

आमच्या आमदारांना हेच पत्र दिलंय, हिवाळी अधिवेशनात प्रश्न विचारा म्हणून. पोच मिळाली आहे.

आपला,
एक जुना केमिस्ट,
संगमनेर
(नाव छापू नये ही विनंती, मुलाला दुकान चालवायचंय)