स्पॅनिशचा भूतकाळ अर्धाच का?

संपादक महोदय,
तुमच्या स्पॅनिशच्या सदरात भूतकाळाचा तक्ता एकच का देता हो, तिथे साधे भूतकाळच दोन आहेत. एकदा बोलून झालं, विषय संपला तर 'आब्ले', आणि पूर्वी नेहमी बोलायचो असं असेल तर 'आब्लाबा', हे नुसत्या पाठांतराने कसं कळणार. त्यात आघाताची खूण गाळली की बोंबललंच, 'आब्लो'त जोर आधी दिला तर मी बोलतो, शेवटी दिला तर तो बोलला, म्हणजे माणूसही बदलला आणि काळही! 'सेर' (असणे) नि 'इर' (जाणे) दोघांचं भूतकाळात 'फ्वी'च, होतो की गेलो ते संदर्भावरून ओळखा. 'आब्लाबा'वाल्या प्रकारात मात्र अनियमित क्रियापदं फक्त 3, सेर, इर आणि बेर (पाहणे). मग तो सोपा तक्ता आधी छापा ना.
- एक वाचक