इतिहास स्पर्धेचं परीक्षण

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शाळेत इतिहास प्रकल्पांची स्पर्धा घ्यायची म्हणतोस, म्हणून इकडच्या, अमेरिकेतल्या, ‘नॅशनल हिस्टरी डे’ या स्पर्धेच्या परीक्षणाची रीत कळवतो. १९७४ साली क्लीव्हलँडला सुरू झालेली ही स्पर्धा सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असते. निबंध, प्रदर्शन, माहितीपट, नाट्य आणि संकेतस्थळ असे पाच प्रकार. परीक्षक बहुतेक स्वयंसेवकच.

८० टक्के भार इतिहासाला, २० टक्के मांडणीला. नवखा परीक्षक नेमका इथे घसरतो. प्रदर्शन ४० इंच रुंद, ३० इंच खोल, ७२ इंच उंच असू शकतं. एवढा मोठा रंगीत फलक समोर आला की डोळे दिपतात. म्हणून आधी साधनांची, म्हणजे मुलांनी वापरलेल्या पुस्तकं-कागदपत्रांची, यादी वाचायची, फलक नंतर. फलकावर मुलांचे स्वतःचे शब्द ५०० पर्यंतच चालतात. अवतरणं त्यात मोजत नाहीत. तेव्हा अवतरणांचीच गर्दी असेल तर मुलांचं म्हणणं काय, ते शोधायचं.

यादीत प्राथमिक (त्या काळातली, घटनेशी थेट संबंध असलेल्यांची) आणि दुय्यम (नंतर इतरांनी लिहिलेली) साधनं वेगळी हवीत, आणि प्रत्येकाखाली ते कशाला वापरलं याची टिपणी. खरा कस तिथेच लागतो. आपल्याकडचं उदाहरण घे: सभासदाची बखर. शिवाजी महाराजांच्या दरबारातल्या माणसाने लिहिलेली, पण महाराज गेल्यावर, राजारामाच्या काळात. कुठल्याही यादीत घाल, पण का घातली हे टिपणीत आलं पाहिजे. नुसतं ‘खूप माहिती मिळाली’ म्हणजे पुस्तक उघडलंच नसेल, अशी शंका घ्यावी.

मुलांची मुलाखत थोडक्यात. ‘हे कागद कुठे मिळाले? कशाने तुमचं मत बदललं?’ एवढं विचारून गप्प बसायचं. आपली विद्वत्ता पाजळायची नाही, आणि ‘वा, छान!’ही नाही, मुलं त्यातून निकाल काढतात. चुरचुरीत बोलणाऱ्याला क्रमांक वर नको, बुजऱ्याला खाली नको. मुलाखत शंका फेडण्यापुरती.

परीक्षक दोघे-तिघे असतात. गुणांची सरासरी काढत नाहीत, चर्चा करून क्रमांक एकमताने लावतात. ओळखीचं मूल समोर आलं तर आधीच सांगून बाजूला व्हायचं. (तुमच्या गावात हे सगळ्यात अवघड जाईल!)

शेरे लिहायला वेळ राखून ठेव. ‘उत्तम प्रयत्न’ने काही कळत नाही, ‘विरुद्ध बाजूचं एकही साधन नाही’ लिहिलंस तर पुढच्या फेरीआधी ते शोधता येतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा