फोटोतल्या अंधाराबद्दल

स्टॉकहोम, १४ डिसेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. फोटोत भाकरीचे तीन तुकडे, चमचाभर चटणी आणि मागं काळोख दिसला, की मी अर्धपोटी अंधारात बसते असं तू ठरवूनच टाकलंस. मी पोटभर जेवते, घर उबदार आहे, तब्येत चांगली आहे. दादाला चटणीच्या पाकिटासाठी फोटो हवा होता आणि तो अंधार मी मुद्दाम केलाय.

टेबल असं लावलं की खिडकी डाव्या हाताला येईल. उजेड समोरून पडला की कडक भाकरी पुठ्ठ्यासारखी सपाट दिसते. तोच बाजूनं आडवा आला की तव्याचे डाग, सुटलेला पापुद्रा, मोडलेली खरखरीत कड सगळं उठून दिसतं. उजवीकडे काळा कार्डशीट उभा केला, म्हणून सावली दाट आली. चटणीजवळ मात्र छोटा पांढरा कागद टेकवला, नाहीतर ती काळवंडते. ती चमच्यानं सारखी केली नाही. तू कांडलेली, तेल सुटलेली, जाडीभरडी होती तशीच ठेवली. खाली आपली चादर पूर्ण अंथरली तर नक्षीच डोळ्यात भरायची, म्हणून घडी घालून नुसता काठ दिसू दिला.

उजेड कमी, कारण डिसेंबरात इथं दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो. पण कॅमेरा ट्रायपॉडवर असला की शटर अर्धा सेकंद उघडं ठेवता येतं, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, १०० वर राहतो आणि फोटो स्वच्छ येतो.

दिव्यांचं मात्र नीट सांगायला हवं. नाताळाच्या आधीचे चार रविवार धरतात, त्यातल्या पहिल्यापासून इथं खिडकीखिडकीत सात दिव्यांचा त्रिकोणी स्टँड बसतो. विजेचेच दिवे, मेणबत्तीच्या आकाराचे. घरात, ऑफिसात, दुकानात, सगळीकडे. पडदे ओढत नाहीत. त्यापुढं कुणी हात जोडत नाही, फूल वाहत नाही. मग कशाला, म्हणून शेजारच्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, रस्त्यानं जाणाऱ्याला बरं वाटावं म्हणून! वीज जळते ती परक्यासाठी. १३ जानेवारीला नाताळ संपला असं मानून झाड बाहेर काढतात, म्हणजे आपल्याकडे सोलापुरात सिद्धरामेश्वरांची जत्रा, गड्डा, ऐन भरात असतो तेव्हा. त्याच बाईंनी मलाही एक स्टँड आणून दिलाय. फोटोपुरता तो बंद केला होता, कारण दिवा पिवळा आणि खिडकीचा उजेड निळसर. दोन्ही भाकरीवर पडले की एडिटिंगमध्ये एक रंग सुधारावा तर दुसरा बिघडतो. तेव्हा आई, घरात दिवे आहेत. रोज लागतात.

एडिटिंग थोडंच केलं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, पांढऱ्या कागदावरून घेतला, सावल्या जरा खाली ओढल्या, कडेचा एक मोठा कण काढला कारण नजर तिकडेच जायची. दादाला लाल भडक हवाय. मी करणार नाही. लाल फार वाढवला की शेंगदाण्याचा कूट दिसेनासा होतो, नुसता रंगाचा डाग उरतो, आणि पाकीट फोडल्यावर आतली चटणी गिऱ्हाइकाला फिकी वाटते. तुझ्या हातच्या चटणीला वरून रंग कशाला? आणि ते तुकडे वाया नाही गेले. दुधात कुस्करून खाल्ले, अजून दोन भाकरी घेऊन.

बाबा, या महिन्याचे पैसे पाठवलेत. थोडे जास्त आहेत, पण मी पोटाला चिमटा काढून पाठवत नाही. बार्शीच्या स्थळाला माझ्यामुळं ताटकळत ठेवू नका, सरळ नाही म्हणून कळवा. गड्ड्यात सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडल्या की माझ्याही पडाव्यात, हे आईचं म्हणणं मी विसरलेली नाही. पण यंदा गड्ड्याला सुट्टी मिळाली नाही. मागल्या वर्षीही असंच लिहिलं होतं, ठाऊक आहे मला. उन्हाळ्यात नक्की येते, तेव्हा समोरासमोर बोलू.

वहिनीला सांगा, आईला उखळाशी बसू देऊ नका. जास्तीचे पैसे तिच्या गुडघ्यासाठीच आहेत. माझ्या लग्नाच्या नावानं ते बँकेत ठेवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा आणि ते काय म्हणाले ते मला त्याच दिवशी कळवा.

तुमची,
धाकटी