रीडलीला जाण्याआधी

प्रिय ईशा,

मामाच्या द्राक्षाच्या मळ्यात रमलीस हे मामीने कळवलं. पण कॉलेजचा विषय निघाला की गप्प होतेस, असंही म्हणाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (यूसी) डेव्हिस कॅम्पसने यंदा नकार दिला, त्याचं वाईट तुला वाटणारच, मलाही वाटलं. पण म्हणून रीडलीचं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज म्हणजे काहीतरी कमी दर्जाचं, असं जे तू मनाशी धरून बसलीयेस ते मला मुळीच मान्य नाही. मंडळाच्या गणपतीत लोक विचारतील, ‘कुठे मिळाली गं ॲडमिशन?’ तेव्हा मान वर करून सांग, दोन वर्षं रीडली आणि मग डेव्हिस. पहिल्या वर्षाला येणाऱ्या दर दोन मुलांमागे एक ट्रान्सफरचा, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मधेच येणारा, विद्यार्थी घ्यायचा हे यूसीचं धोरणच आहे, आणि ट्रान्सफरची बहुतेक मुलं कम्युनिटी कॉलेजांतूनच येतात. शेवटी डिग्रीवर नाव डेव्हिसचंच असतं.

पैशाचं उघड बोलते. कम्युनिटी कॉलेजात युनिटला, म्हणजे कोर्सच्या एका श्रेयांकाला, 46 डॉलर. वर्षाला 30 युनिट धरले तर 1,380 झाले. डेव्हिसची नुसती फीच याच्या दसपटीहून जास्त, राहणं-जेवण वेगळं. दोन वर्षं घरून ये-जा केलीस तर पुढची दोन वर्षं तुला पोटासाठी नोकरी करत शिकावं लागणार नाही. तो वेळ तिथल्या प्रयोगशाळेत घालव, अशी माझी इच्छा आहे.

आणि रीडलीला कॉलेजचं स्वतःचं शेत आहे. तुझ्यासारख्या मुलीला, जिला फ्रेस्नोत वाढूनही वेलीला हात लावायला नाशिक गाठावं लागलं, याहून चांगली सुरुवात मला दिसत नाही.

तू आत्ता द्राक्षाची जी थॉमसन जात बघतेयस ना, तिचं नाव आपल्या कॅलिफोर्नियातलं. युबा सिटीकडच्या विल्यम थॉम्पसन यांनी 1870 च्या दशकात ती इथे रुजवली. मामाने ती ज्या डॉगरिज खुंटावर, म्हणजे मुळं देणाऱ्या दुसऱ्या वेलीवर, कलम करून बांधलीय, तो खुंट मूळचा टेक्सासचा. जात तीच, पण निफाडला वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, कारण तिथे वेल झोपतच नाही. फ्रेस्नोला हिवाळ्यात पानं गळतात, वेल सुप्त होते, म्हणून छाटणी एकदाच. थॉमसनच्या काडीवर बुडाजवळच्या डोळ्यांत, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या जागी, घड फारसे नसतात, म्हणून इथे काडी लांब ठेवतात. कुठल्या डोळ्यात घड आहे हे तपासायला मामा फळछाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत पाठवतो. यंदा तू असेपर्यंत एखादी काडी पाठवायला सांग आणि त्याच्यासोबत जा. डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, आत सूक्ष्मघड दिसतो. पुढच्या वर्षी बाजारात जाणारा घड आत्ताच तिथे असतो, आणि कात्री कुठल्या डोळ्यावर लावायची ते त्यावरून ठरतं. हे डोळ्यांनी बघून ये. मग रीडलीत वनस्पतिशास्त्र शिकताना तुला ते कोरडं वाटणार नाही.

आता कामाचं. कम्युनिटी कॉलेजात मुलं अडकतात ती अभ्यासात कमी पडून नव्हे, तर चुकीचे कोर्स घेऊन. असिस्ट नावाच्या साइटवर रीडलीचा कुठला कोर्स डेव्हिसच्या कुठल्या कोर्सच्या जागी धरतात ते दिसतं. त्यातली प्लांट सायन्सेसची यादी काढ आणि पहिला कोर्स घेण्याआधी ती घेऊन काउन्सेलरकडे जा. ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ ही कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी चांगलीच, पण ती मुख्यतः फ्रेस्नो स्टेट, कॅल पॉली अशा सीएसयूच्या, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, वाटेवरची. यूसीला रसायनशास्त्र जास्त लागू शकतं, म्हणून केमिस्ट्री पहिल्याच सत्रात सुरू कर, आणि तिचे दोन्ही भाग एकाच कॉलेजात पुरे कर. ट्रान्सफर होणारी 60 सेमिस्टर युनिट हवीत. दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात टॅगचा, म्हणजे अटी पुऱ्या केल्यास प्रवेशाची हमी देणारा, अर्ज डेव्हिससाठी करायचा. टॅग एकाच कॅम्पसला करता येतो. त्यानंतर यूसीचा नेहमीचा अर्जही भरावाच लागतो, तो विसरून चालत नाही.

डेव्हिसला क्वार्टर असतात, दहा आठवड्यांचे. सेमिस्टरची सवय झालेल्या मुलांची तिथे पहिल्या क्वार्टरला धांदल उडते. म्हणून रीडलीत ‘ए’ मिळतोय एवढ्यावर खूश राहू नकोस, आठवड्याचं आठवड्याला संपवायची सवय लाव.

तुला मातीशास्त्र घ्यायचंय हे ऐकून मला फार आनंद झाला. कॅलिफोर्नियाच्या 2014 च्या भूजल कायद्यामुळे आपल्या फ्रेस्नोच्या खोऱ्यात जमिनीतून उपसलेलं पाणी आणि जमिनीत परत मुरलेलं पाणी यांचा मेळ 2040 पर्यंत बसवायचाय. तोवर तू पस्तिशीच्या आत असशील. कुठली जमीन पडीक ठेवायची, कुठे पाणी मुरवायचं, हे सांगणारी माणसं तेव्हा लागतील, आणि त्यांतली एक तू असावीस असं मला मनापासून वाटतं.

ऑगस्टात वर्ग सुरू व्हायच्या आत ये. येताना काडी, बी, माती काही आणू नकोस, विमानतळावर काढून घेतात. मळ्यात घातलेले बूट स्वच्छ धुऊन आण, आणि शेतात गेले होते हे विचारायच्या आधीच सांगून टाक. मामीला मसाला दळून ठेवायला सांगितलाय, तो मात्र आठवणीने घे.

तुझी,
आई